टीव्हीवर संगणकाचे चित्र जसेच्या तसे कसे आणावे

रुंद पडद्याच्या टीव्हीला संगणक जोडायचा म्हणजे एक एचडीएमआय केबल आणायची, तिची टोके दोन्हीकडे खोचायची आणि रिमोटवरून इनपुट बदलायचे, एवढेच काम आहे असे सुरुवातीला वाटते. चित्र येतेही, पण ते नीट आलेले नसते, आणि नवख्या माणसाला नेमके काय बिघडले आहे हे सांगता येत नाही. आमच्या गावच्या वाचनालयात विद्यार्थ्यांसाठी ३२ इंची टीव्हीला एक जुना संगणक जोडला, तेव्हा ग्रंथपालांनी पहिल्याच दिवशी विचारले, "स्टार्टचे बटण गेले कुठे?" बटण जागेवरच होते, टीव्हीने चित्र थोडे मोठे करून त्याची कड पडद्याबाहेर ढकलली होती. त्याच पडद्यावर वाचताना डोळे शिणतात, अशी मुलांची तक्रार होती आणि तिचे कारण वेगळे होते. या दोन्ही तक्रारी एकही पैसा खर्च न करता दूर झाल्या. त्या कशा दूर करायच्या, हे पहिल्यांदाच अशी जोडणी करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगतो. उदाहरणे विंडोज १० आणि ११ मधली घेतली आहेत. मॅकसाठी वेगळे काही असेल तेथे तसे नोंदवले आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. संगणकाच्या मॉनिटरचे काम आलेला प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांचे बनते त्यांतला प्रत्येक बारीक ठिपका, जसाच्या तसा दाखवणे, एवढेच असते. टीव्ही मात्र मुळात प्रक्षेपण पाहण्यासाठी बनवलेला असल्यामुळे तो आलेल्या चित्रावर संस्कार करतो: ते किंचित मोठे करतो, त्याची धार वाढवतो, रंग गडद करतो, हालचाल गुळगुळीत करतो. क्रिकेटच्या सामन्याला किंवा मालिकेला हे चालून जाते, अक्षरांना चालत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा उद्देश एकच आहे, की टीव्हीने चित्रात हात घालू नये. यातूनच कामाचा क्रमही ठरतो: दुरुस्ती आधी टीव्हीच्या मेनूत करावी आणि तेथे मार्ग उरला नाही तरच संगणकाकडे वळावे. बहुतेक जण नेमके उलटे करतात, कारण माउस हाताशी असतो आणि टीव्हीचा रिमोट सोफ्याच्या फटीत गेलेला असतो.

आपला पडदा खरोखर किती पिक्सेलचा आहे?

टीव्हीच्या मागच्या बाजूला मॉडेल क्रमांकाचे लेबल असते. तो क्रमांक घेऊन उत्पादकाच्या माहितीपत्रकात पडद्याचे मूळ रेझोल्यूशन, म्हणजे त्यावर आडवे आणि उभे किती पिक्सेल आहेत ते, पाहावे. ढोबळ मानाने 'एचडी रेडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२ इंची टीव्हीचा पडदा १३६६ × ७६८ पिक्सेलचा, 'फुल एचडी'चा १९२० × १०८० चा आणि 'फोर-के'चा ३८४० × २१६० चा असतो. येथे एक फसगत होते. एचडी रेडी टीव्हीच्या खोक्यावर '१०८०पी सपोर्ट' असेही छापलेले आढळते. त्याचा अर्थ तेवढ्या रेझोल्यूशनचा सिग्नल तो स्वीकारतो, इतकाच आहे. स्वीकारल्यावर तो ते चित्र आपल्या ७६८ ओळींत दाबून बसवतो. संगणक मात्र टीव्हीने दिलेल्या माहितीवर विश्वास ठेवून १९२० × १०८० पाठवत राहतो आणि विंडोज त्यापुढे 'रेकमेंडेड' असेही लिहिते. वाचनालयातल्या मुलांचे डोळे शिणण्यामागे हेच होते.

केबल आणि पोर्ट

संगणकाला एचडीएमआय पोर्ट असेल तर थेट एचडीएमआय केबल वापरावी. डेस्कटॉपला डिस्प्लेपोर्ट असेल तर 'डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय' अशीच केबल मागावी, कारण या साध्या केबली एकाच दिशेने चालतात आणि उलट्या प्रकारची केबल आणली तर चित्र येत नाही. लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. ती सोय आपल्या मॉडेलमध्ये आहे की नाही हे आधी पाहून मगच अडॅप्टर घ्यावा. जुन्या संगणकाला १५ पिनांचा व्हीजीए पोर्ट असतो आणि बऱ्याच जुन्या टीव्हींनाही तो असतो. त्यातून आवाज जात नाही, त्यासाठी ३.५ मिलिमीटरची वेगळी ऑडिओ केबल लागते. पण म्हणून व्हीजीएला कमी लेखू नये, त्याचा उपयोग पुढे येईलच.

केबलच्या किमतीत फार अडकू नये, मात्र तिचा वर्ग पाहावा. फुल एचडीपर्यंत कोणतीही बरी 'हाय स्पीड' केबल पुरते. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे असेल तर एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिटची क्षमता लागते आणि त्यासाठी 'प्रीमियम हाय स्पीड' असे लिहिलेली केबल घ्यावी. सोन्याचा मुलामा वगैरे जाहिरातीतल्या गोष्टींनी चित्र सुधारत नाही. केबल जितकी लांब तितकी ती अडचणीची ठरते, म्हणून दोन मीटरमध्ये काम होत असेल तर दहा मीटरची केबल गुंडाळून ठेवू नये.

टीव्हीच्या मागचे सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात. एखाद्यावर 'पीसी' किंवा 'डीव्हीआय' लिहिलेले असेल तर संगणकासाठी तोच घ्यावा. 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमधून टीव्हीचा आवाज बाहेर पाठवता येतो, म्हणून तो साउंडबारसाठी मोकळा ठेवावा. काही फोर-के टीव्हींत पूर्ण क्षमतेचा पोर्ट एखाद-दुसराच असतो, त्यामुळे पोर्टजवळची बारीक अक्षरे टॉर्च धरून वाचण्याचा कंटाळा करू नये.

जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत. दोन पिनांच्या चार्जरवर चाललेल्या लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना असेल. अर्थिंग नीट नसलेल्या घरात ही फिरती वीज केबलमधून पोर्टला इजा करू शकते. टीव्ही आणि संगणक अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्यावेत. मग आधी टीव्ही सुरू करून योग्य इनपुट निवडावे आणि त्यानंतर संगणक सुरू करावा, म्हणजे टीव्ही आपली ओळख व आपल्याला चालणारी रेझोल्यूशन्स संगणकाला वेळेवर कळवतो.

पहिले चित्र आल्यावर

लॅपटॉप जोडला असेल तर कीबोर्डवर विंडोजची कळ आणि 'पी' एकत्र दाबावे. चार पर्याय येतात: फक्त संगणकाचा पडदा, डुप्लिकेट (दोन्हीकडे तेच चित्र), एक्स्टेंड (दोन्ही पडदे मिळून एकच मोठा डेस्कटॉप) आणि फक्त दुसरा पडदा. नवखे लोक डुप्लिकेटवर थांबतात, कारण दोन्हीकडे सारखेच दिसणे सोयीचे वाटते. परंतु डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना एकच रेझोल्यूशन वाटून घ्यावे लागते. लॅपटॉपचा पडदा १९२० × १२०० चा असेल आणि टीव्ही १९२० × १०८० चा असेल, तर कोणावर तरी अन्याय होणारच, आणि तो बहुधा टीव्हीवर होतो. म्हणून निदान जुळवाजुळव पूर्ण होईपर्यंत 'फक्त दुसरा पडदा' हाच पर्याय ठेवावा; नंतर हवे तर एक्स्टेंड वापरावे. एक्स्टेंडमध्ये एखादी खिडकी बंद असलेल्या टीव्हीवर जाऊन अडकली तर विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबून ती परत आणता येते.

आता सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले असे जाऊन 'डिस्प्ले रेझोल्यूशन'मध्ये टीव्हीचे मूळ रेझोल्यूशन निवडावे. चुकीचे रेझोल्यूशन निवडून पडदा काळा झाला तर घाबरून केबल उपसू नये. काहीही न करता १५ सेकंद थांबले की विंडोज आपोआप आधीच्या स्थितीवर येते. 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवले जाणे, आहे ना, तेही पाहावे. फोर-के टीव्हीवर तेथे ३० हर्ट्झ दिसत असेल तर माउसचा बाण टप्प्याटप्प्याने उड्या मारत सरकतो आणि हात जड झाल्यासारखे वाटते. याचे कारण केबल, पोर्ट किंवा टीव्हीतील एका सेटिंगमध्ये असते. पुष्कळ टीव्हींमध्ये जास्त क्षमतेचा सिग्नल त्या पोर्टवर घेण्याची परवानगी मेनूतून द्यावी लागते. सॅमसंगमध्ये तिला 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'अल्ट्रा एचडी डीप कलर' आणि सोनीमध्ये सिग्नल फॉरमॅटचे 'एन्हान्स्ड' अशी नावे आहेत. संगणकच जुना असल्यामुळे ६० हर्ट्झ मिळत नसतील तर १९२० × १०८० वर ६० हर्ट्झ ठेवणे माझ्या मते जास्त सुखाचे, कारण ३८४० ही १९२० ची बरोबर दुप्पट आहे आणि एका पिक्सेलच्या जागी चार पिक्सेल बसताना चित्राची फारशी मोडतोड होत नाही.

कापलेल्या कडा

ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे आणि तिचे मूळ काचेच्या नळीच्या टीव्हीत आहे. त्या टीव्हीत चित्राचा आकार स्थिर नसे. विजेचा दाब किंवा यंत्राचे वय बदलले की चित्र किंचित आक्रसे किंवा पसरे. आक्रसलेल्या चित्राभोवती काळी चौकट दिसू नये म्हणून चित्र मुळातच पडद्यापेक्षा थोडे मोठे काढण्याची पद्धत पडली. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. आताच्या सपाट पडद्याला याची काहीही गरज नाही, तरीही अनेक टीव्ही ही जुनी सवय पाळतात.

तिने किती नुकसान होते ते मोजून पाहू. समजा टीव्ही प्रत्येक बाजूने केवळ अडीच टक्के चित्र बाहेर ढकलतो. १०८० ओळींचे अडीच टक्के म्हणजे २७ ओळी. विंडोज १० चा टास्कबार नेहमीच्या मापात ४० पिक्सेल उंच असतो, म्हणजे त्याचा निम्म्याहून अधिक भाग खाली गडप होतो. आडव्या बाजूने १९२० चे अडीच टक्के म्हणजे ४८ पिक्सेल, आणि डाव्या कोपऱ्यातले स्टार्टचे बटण साधारण तेवढेच रुंद असते. ग्रंथपालांना ते का सापडले नाही, हे यावरून लक्षात येईल.

उपाय टीव्हीच्या मेनूत, 'पिक्चर'खालच्या 'पिक्चर साइझ', 'आस्पेक्ट रेशो' किंवा 'वाइड मोड' अशा नावाच्या ठिकाणी असतो. तेथे '१६:९' निवडलेले असूनही ओव्हरस्कॅन चालूच असू शकतो, त्यामुळे तेवढ्यावर समाधान मानू नये. सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टु स्क्रीन', एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सोनीमध्ये 'डिस्प्ले एरिया'खाली 'फुल पिक्सेल', फिलिप्समध्ये 'अनस्केल्ड' आणि इतर काही टीव्हींत 'डॉट बाय डॉट' किंवा सरळ 'ओव्हरस्कॅन ऑफ' असा पर्याय शोधावा. काही जुन्या सॅमसंग टीव्हींत असा पर्याय दिसतच नाही. तेथे सोर्सच्या यादीत जाऊन त्या एचडीएमआय इनपुटचे नाव 'पीसी' असे बदलले की ओव्हरस्कॅन बंद होतो. नाव बदलल्याने चित्र बदलते हे चमत्कारिक वाटेल, पण समोर संगणक आहे हे टीव्हीला सांगण्याची ती रीतच आहे.

एका नातेवाइकांकडे ४३ इंची फोर-के टीव्ही बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने कडा कापल्या जाताहेत हे पाहिले आणि संगणकातल्या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमधून चित्र आक्रसून कडा आत आणल्या. कडा दिसू लागल्या, सर्वांचे समाधान झाले, आणि अक्षरे अंधुक दिसतात म्हणून पुढचे सहा महिने ते टीव्हीला दोष देत राहिले. झाले होते असे, की संगणक आधी चित्र लहान करत होता आणि टीव्ही तेच चित्र पुन्हा मोठे करत होता. दोनदा घडी घातलेल्या कागदासारखी प्रत्येक अक्षराची स्थिती झाली होती. टीव्हीत ओव्हरस्कॅन बंद केला, संगणकातले आक्रसणे शून्यावर आणले, आणि तोच टीव्ही नवा आणल्यासारखा दिसू लागला. म्हणून इंटेलच्या सॉफ्टवेअरमधले 'कस्टम स्केल', एएमडीचे 'एचडीएमआय स्केलिंग', एनव्हीडियाचे डेस्कटॉपचा आकार बदलण्याचे पान किंवा मॅकमधली 'अंडरस्कॅन'ची पट्टी हे सगळे शेवटचे उपाय आहेत. टीव्हीच्या मेनूत खरोखरच काही नसेल तेव्हाच त्यांना हात लावावा. एएमडीच्या संगणकावर उलटी तक्रारही येते: चित्राभोवती काळी चौकट दिसते. तेव्हा तीच स्केलिंगची पट्टी शून्यावर आणावी.

कडा पूर्ण आल्या की नाहीत हे डोळ्यांच्या अंदाजावर न सोडता एक चाचणी-चित्र बनवून पाहावे. पेंट उघडून कंट्रोल आणि 'ई' दाबावे आणि पानाचा आकार १९१८ × १०७८ पिक्सेल करावा. ते पूर्ण पांढरे पान निवडून कॉपी करावे. मग आकार १९२० × १०८० करून पानावर लाल रंग ओतावा, कॉपी केलेले पांढरे पान त्यावर पेस्ट करावे आणि बाणाच्या कळांनी एक पिक्सेल उजवीकडे व एक पिक्सेल खाली सरकवावे. चारही बाजूंना एकेका पिक्सेलची लाल रेघ उरेल. मधोमध शिफ्ट दाबून धरून एक मोठे वर्तुळ काढावे, चित्र जपून ठेवावे, ते डेस्कटॉपची पार्श्वभूमी म्हणून 'फिल' पर्यायाने लावावे आणि टास्कबार तात्पुरता आपोआप लपणारा करावा. फोर-के पडद्यासाठी हीच मापे ३८३८ × २१५८ आणि ३८४० × २१६० अशी घ्यावीत. आता टीव्हीजवळ जाऊन चारही कडांना लाल रेघ दिसते का ते पाहावे. ती चारही बाजूंनी दिसली तर ओव्हरस्कॅन गेला. नंतर मोजपट्टी घेऊन वर्तुळाची उंची आणि रुंदी मोजावी. रुंदी जास्त भरली तर कोठेतरी चित्र ताणले जात आहे. १०२४ × ७६८ चे चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणले तर वर्तुळ एक-तृतीयांशाने जाड होते आणि सगळी माणसे अचानक बाळसे धरल्यासारखी दिसतात.

एचडी रेडी पडद्याची खास अडचण

१३६६ × ७६८ च्या टीव्हीला एचडीएमआयमधून तेवढेच रेझोल्यूशन पाठवता आले तर उत्तम. विंडोजच्या यादीत १३६६ × ७६८ किंवा १३६० × ७६८ दिसते का ते आधी पाहावे. मात्र बरेच टीव्ही एचडीएमआयवर फक्त प्रक्षेपणातली मापे, म्हणजे १२८० × ७२० किंवा १९२० × १०८०, एवढीच घेतात. तेव्हा प्रत्येक पिक्सेल शेजारच्या पिक्सेलमध्ये थोडा सांडतोच. अशा वेळी टीव्हीला आणि संगणकाला व्हीजीए पोर्ट असतील तर मी बिनदिक्कत जुनी व्हीजीए केबल लावतो आणि १३६० × ७६८ निवडतो. १३६६ ला आठने पूर्ण भाग जात नाही, १३६० ला जातो, आणि व्हीजीएच्या मापांची रुंदी आठच्या पटीत ठेवण्याचा प्रघात आहे. दोन्ही बाजूंना मिळून सहा पिक्सेल काळे राहतात आणि ते कोणाच्याही लक्षात येत नाहीत. त्यानंतर टीव्हीच्या मेनूतले 'ऑटो ॲडजस्ट' एकदा दाबावे, म्हणजे चित्र मध्यावर येते आणि अक्षरांची थरथर थांबते. वाचनालयात शेवटी हेच केले. एचडीएमआय हे नवे आणि व्हीजीए हे जुने, हे खरे आहे. पण पिक्सेलला पिक्सेल जुळणे अधिक महत्त्वाचे आहे. व्हीजीएची सोयच नसेल तर १२८० × ७२० घ्यावे. त्यात अक्षरे थोडी मऊ दिसतात, पण १९२० × १०८० दाबून बसवताना बारीक रेघा गळतात तशा त्यात गळत नाहीत.

देवनागरी अक्षरांची परीक्षा

इंग्रजी अक्षरे थोडी अंधुक झाली तरी वाचता येतात. देवनागरीत मात्र अनुस्वार, रफार आणि उकार हे अक्षराच्या तुलनेत फार लहान असतात आणि शिरोरेखा सलग असल्यामुळे जरासाही फिसकटलेपणा डोळ्यांना लगेच जाणवतो. म्हणून माझी परीक्षा ठरलेली आहे. नोटपॅडमध्ये नेहमीच्या आकारात 'वाङ्मय, कर्तृत्व, दृष्टी, किंवा, शृंगार' असे शब्द आणि 'घ ध, भ म, थ य, ष प' अशा जोड्या लिहाव्यात आणि नेहमी बसतो त्या अंतरावरून वाचाव्यात. 'वाङ्मय'मधला ङ चा ठिपका सुटा दिसला, घ आणि ध वेगळे ओळखू आले आणि शिरोरेखा एकसारख्या जाडीची दिसली तर चित्र बरोबर आहे. शिरोरेखेखाली दुसरी फिकट रेघ दिसली किंवा काळ्या अक्षराभोवती पांढरी कड चमकली, तर टीव्ही कृत्रिम धार लावत आहे. तेव्हा 'शार्पनेस' हळूहळू कमी करत जावे आणि ती पांढरी कड नाहीशी होईल तेथे थांबावे.

यानंतर नोटपॅडऐवजी पेंटमध्ये निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे लिहून पाहावीत. काळी-पांढरी अक्षरे स्वच्छ आणि ही लाल अक्षरे मात्र फिसकटलेली दिसत असतील, तर दोष रंगाच्या हिशेबाचा आहे. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक जितका बारकाईने कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून प्रक्षेपणात दोन बाय दोनच्या चार पिक्सेलना मिळून एकच रंग पाठवण्याची काटकसर करतात. तिला ४:२:० म्हणतात. प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो तेव्हा ते ४:४:४ असते. सिनेमात ही काटकसर कळत नाही, रंगीत अक्षरांत लगेच कळते. टीव्हीने ४:४:४ पूर्ण दाखवावे यासाठी एलजी आणि सॅमसंगमध्ये त्या इनपुटचा प्रकार 'पीसी' करावा, सोनीमध्ये पिक्चर मोड 'ग्राफिक्स' निवडावा आणि संगणकाच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी किंवा ४:४:४ ठेवावा.

हे सगळे झाल्यावर स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' शोधून ती चाचणी टीव्हीच्या पडद्यावरच पूर्ण करावी. अक्षरांची धार गुळगुळीत करण्यासाठी विंडोज पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या आणि निळ्या भागांचा वेगवेगळा वापर करते आणि काही टीव्हींत या भागांचा क्रम उलटा असतो. अक्षरांच्या एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर झाक दिसण्याचे ते एक कारण असते.

अक्षरे लहान वाटली तर

फोर-के टीव्हीवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात म्हणून रेझोल्यूशन कमी करणे ही सर्वांत मोठी चूक आहे. रेझोल्यूशन मूळचेच ठेवून डिस्प्लेच्या त्याच सेटिंग्जमधले 'स्केल', म्हणजे अक्षरे आणि चिन्हांचा आकार, वाढवावे. अक्षरे त्यामुळे मोठी होतात आणि वाढलेल्या पिक्सेलमुळे अधिक सुबकही होतात. ४३ इंची पडदा टेबलावर जवळ ठेवला असेल तर १५० टक्के पुरते. सोफ्यावरून पाहायचे असेल तर २०० ते ३०० टक्क्यांपर्यंत जावे लागते. मराठी मजकूर सतत वाचायचा असेल तर इंग्रजीला पुरते त्याहून एक पायरी वर ठेवावी, मात्रा आणि उकार आरामात वाचता येतात.

काळा रंग काळा दिसावा

टीव्हीच्या जगात काळ्याची किंमत १६ आणि पांढऱ्याची २३५ धरतात. संगणकात काळा ० आणि पांढरा २५५ असतो. दोघांनी वेगवेगळे हिशेब धरले की चित्र बिघडते. संगणक १६ पासून पाठवतो आणि टीव्ही ० ची वाट पाहतो, तेव्हा काळ्यावर राख फासल्यासारखी दिसते. उलट झाले तर अंधारातल्या दृश्यांत केस, कोट आणि सावली एकच काळा गोळा होतात. संगणकात याचे नाव 'डायनॅमिक रेंज' किंवा 'क्वांटायझेशन रेंज', आणि टीव्हीत 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा 'व्हिडिओ रेंज' असे असते. दोन्हीकडे 'फुल' ठेवावे किंवा दोन्हीकडे 'लिमिटेड'. संगणकाच्या कामासाठी मी फुल पसंत करतो. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट बदलून हा दोष झाकायचा प्रयत्न करू नये, कारण मूळ विसंगती तशीच राहते.

पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर तो बदलावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी; तिच्यामुळे माउस हलवल्यावर बाण मागून येतो. इनपुटला 'पीसी' केल्यावर ही सोय पुष्कळदा आपोआप बंद होते, आणि 'गेम मोड'नेही उशीर कमी होतो.

आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट म्हणून टीव्हीचे नाव निवडावे. सिनेमाच्या सशुल्क सेवांचे चित्र काळे आणि आवाज मात्र चालू, असे झाले तर कॉपी-संरक्षणाची साखळी कोठेतरी तुटलेली असते. मधला स्प्लिटर किंवा स्वस्त अडॅप्टर काढून थेट केबल लावून पाहावी. बिनतारी जोडणी विंडोज आणि 'के' दाबून होते आणि फोटो दाखवायला ती बरी पडते, परंतु तिच्यात चित्र दाबून पाठवले जाते, त्यामुळे वाचन-लेखनासाठी केबलच वापरावी. ओएलईडी पडदा असेल तर टास्कबार कायमचा लपणारा ठेवावा, कारण एकाच जागी महिनोन्महिने उजळलेल्या चिन्हांचा डाग अशा पडद्यावर कायमचा उमटू शकतो.

बहुतेक टीव्हींत यातली पुष्कळशी सेटिंग्ज त्या-त्या पोर्टपुरतीच लागू असतात. घर झाडताना कोणी केबल काढून शेजारच्या पोर्टमध्ये लावली की स्टार्टचे बटण पुन्हा गायब होते आणि सगळी शोधाशोध नव्याने सुरू होते. म्हणून जुळवाजुळव पूर्ण झाली की पोर्टचा क्रमांक, रेझोल्यूशन, पिक्चर साइझचा पर्याय आणि ब्लॅक लेव्हल एवढ्या चार गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून ती टीव्हीच्या मागे, त्या पोर्टच्या शेजारी, हवेची छिद्रे मोकळी सोडून चिकटवून ठेवावी.